गोळीला पथ्य नसते

माझ्या मेडिकलमध्ये काउंटरच्या वर बरीच वर्षं एक पाटी होती. पांढऱ्या प्लायवूडवर निळ्या रंगात, कित्त्यात शोभावीत अशी अक्षरं: ‘गोळीला पथ्य नसते. विचारू नये.’ मजकूर माझा, अक्षर माझ्या वडिलांचं. आम्ही बापलेकीनं मिळून केलेलं बहुधा तेवढंच एक काम, आणि त्याच्यापायी गेल्या वर्षी मी वडिलांना घालवून बसणार होते. ते वाचले, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दुकान वाटूर फाट्यावर आहे. जालना, परतूर, मंठा, सगळीकडच्या गाड्या इथं थांबतात, आणि उतरलेल्या माणसाला आधी चहा आठवतो, मग गुडघा. आमच्या भागातला माणूस औषध घेऊन लगेच वळत नाही. पुडी खिशात घालतो, दोन पावलं जातो, परत येतो आणि विचारतो, ‘पथ्य काय?’ पथ्य म्हणजे खाण्याचं. वांगं चालतं का, चिंच चालती का, बेसन, केळं, ताक. एका आजीबाईनं तर डोळ्यात घालायचे थेंब हातात धरून मला विचारलं होतं की गवारीची शेंग खाल्ली तर जमंल का. दिवसातून पन्नासदा हे ऐकायचं. माझा स्वभाव मुळात तापट, फाट्यावर कुणालाही विचारा. शेवटी मी वडिलांना म्हटलं, मला एक पाटी लिहून द्या. त्यांनी एका दुपारी लिहिली, वाळवली, पेपरात गुंडाळून बसनं पाठवून दिली. स्वतः आणून लावली नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. कुंभार पिंपळगावच्या पलीकडे एका लहान गावात त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं. मीही मास्तरीण व्हावं असं त्यांच्या मनात होतं. मी डी.एड.चा फॉर्म भरला नाही, फार्मसीचा भरला, आणि तेव्हापासून आमच्यात बोलणं कमी झालं. भांडण असं काही झालं नाही. अण्णा भांडत नसत, गप्प बसत. दुकानाचं उद्घाटन अक्षय तृतीयेला होतं. आई आली, सासरची माणसं आली, अण्णा आले नाहीत. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नाही. माझं स्टूल पहिल्या दिवसापासून रस्त्याकडे पाठ करून ठेवलेलं आहे. समोर औषधांची कपाटं राहतात आणि उन्हाची तिरीप डोळ्यावर येत नाही. गिऱ्हाईकानं हाक मारली की वळायचं.

आई वारली, तेव्हा अण्णांना एकटं ठेवण्यासारखं नव्हतं. मी त्यांना वाटूरला आणलं. नवरा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, शनिवारी येतो. मुलं शिकायला बाहेर. घरात आम्ही दोघंच असायचो आणि दोघंही न बोलणारे. सकाळी ते अंगण झाडायचे, मी चहा ठेवायचे. पेपर वाचून झाला की ते घडी करून माझ्या पिशवीत टाकायचे, म्हणजे दुकानात मला वाचता यावा. संध्याकाळी पाचला फाट्यापर्यंत पाय मोकळे करून यायचे. असं बरं चाललं होतं. पण त्यांना झोप लागेना. डोळे लाल, हात थरथरायचे, पेपर वाचतानाच डोकं कलंडायचं. जेवण निम्म्यावर आलं. मीच त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. त्यांनी बरोबर तेच विचारलं जे विचारायला हवं.

‘काही व्यसन?’

‘न्हाई,’ अण्णा म्हणाले.

‘घेता वगैरे का कधी?’

‘छे.’

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. अण्णा दिवसाला बिडीचं एक बंडल संपवायचे हे मला माहीत होतं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण बिडी आमच्याकडे व्यसनात धरत नाहीत. बिडी म्हणजे चहासारखी. ती कुणी डॉक्टरला सांगत नाही, आणि मलाही तिथं सांगावंसं वाटलं नाही. डिप्लोमा घेतलेली बाई मी, मलाही. दुसरी गोष्ट मला ठाऊक नव्हती. आई गेल्यापासून अण्णा संध्याकाळी थोडी दारू घ्यायला लागले होते. ती त्यांनी सांगितली नाही, कारण शेजारी पोरगी बसली होती. सगळ्या गावाचे गुरुजी राहिलेला माणूस पोरीच्या देखत ‘हो, घेतो’ म्हणेल, हे होणं नव्हतं. मी बाहेर थांबले असते तर त्यांनी सांगितलंही असतं. मी काळजी म्हणून आत बसले.

डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, कमी ताकदीची. ती मीच माझ्या दुकानातून दिली. चिठ्ठी नोंदवली, पाकिटावर ‘रात्री जेवणानंतर’ लिहिलं. अण्णांनी पुडी खिशात घातली, दोन पावलं गेले आणि परत आले.

‘पथ्य काय?’

मी हसले. बोटानं वरची पाटी दाखवली. ‘तुमच्याच हातची हाये,’ म्हटलं.

तेही हसले. त्यांना असं हसताना मी क्वचित पाहिलं असेल. त्या हसण्यानं मी इतकी खूश झाले की पुढं काही सांगायचं असतं हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. एरवी झोपेच्या गोळीला चिठ्ठी आणणाऱ्या परक्या माणसाला मी दहा प्रश्न विचारते. घरच्या माणसाला एकही विचारला नाही.

गोळी लागू पडेना. अण्णा म्हणायचे, डोळा लागतो, दोन तासांत उघडतो. महिन्याभरानं परत डॉक्टरांकडे. या वेळी मी गेले नाही, दुकानात माल यायचा होता. अण्णा एकटे गेले. डॉक्टरांनी ताकद वाढवली. बिडीचं त्यांना माहीत नव्हतं, आणि बिडीचा धूर काही गोळ्या अंगात टिकू देत नाही. यकृत त्या भराभर संपवून टाकतं. शिवाय तंबाखू स्वतः माणसाला जागं ठेवते. झोपायच्या आधी दोन बिड्या ओढायच्या, वर झोपेची गोळी घ्यायची, म्हणजे एका हातानं दार लावायचं आणि दुसऱ्यानं उघडायचं. हे पुस्तकात होतं. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं.

पुढं मी स्वतःहून जे केलं ते बघा. एका सकाळी आईच्या गोधडीला बिडीनं भोक पडलेलं दिसलं. आईनं तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली ती शेवटची गोधडी. माझं डोकं फिरलं. मी अण्णांच्या उशाखालचं बंडल उचललं, कोनाड्यातलं उचललं, सदऱ्याच्या खिशातलं काढलं आणि सगळं चुलीत घातलं. ‘आजपासून बिडी बंद,’ म्हटलं. ‘घर जाळून ठेवताल एक दिवस.’ अण्णा गोधडीवरचं भोक बोटानं चाचपत बसले. फाट्यावरच्या पानटपरीवाल्यालाही मी बजावलं की यांना बिडी दिली तर माझ्याशी गाठ आहे. त्यानं दिली नाही. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी अण्णा बोलायला लागले.

आम्ही लवकर जेवायचो, साडेसातलाच. जेवण झालं, अण्णांनी गोळी घेतली, आणि अंगणातल्या बाजेवर बसल्या बसल्या आईबद्दल सांगायला सुरुवात केली. आवाज थोडा जड, पण शब्द सरळ. ते म्हणाले, तुझी आई मला म्हणायची, मला माझं नाव लिहायला शिकवा. मी म्हणायचो, उद्या. ‘गावच्या पोरायला शिकवलं गं मी सगळ्यायला. हिलाच उद्या उद्या करत राह्यलो. बँकेत अंगठा लावायची, मी बाजूला उभा राहून दुसरीकडं बघायचो. शेवटी दवाखान्यात बी अंगठाच लावला तिनं.’ मग ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईला नेलं तेव्हाही नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांनी तो झटकला नाही. मी सुखावले, सरळ सांगते. आईच्या दुःखावर सुखावले. मला वाटलं, माणूस मोकळा होऊन राह्यलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, ‘अण्णा, आईच्या सहीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’

अण्णांचा कप तसाच हातात राहिला. ‘सहीचं तुला कोण बोललं?’ चेहरा एकदम कडक झाला. ‘तुझी आई बोलली होती का?’

त्यांना आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते, शाळेत पोराची चोरी पकडल्यावर गुरुजींचा होतो तसा चेहरा होता त्यांचा. मी म्हटलं, ‘हां, आईच बोलली होती एकदा.’ आणि उठून कप विसळायला गेले.

तेव्हा मला कळायला पाहिजे होतं, आणि कळलंही. आदल्या दिवशी पाठीवर हात ठेवला तेव्हा वास आला होता. दुकानात दिवसभर स्पिरिट नाकात असतं, त्यामुळे मी कानाडोळा केला होता. बिडीच्या वासाखाली इतके महिने तो झाकलेला असणार. दुकानातून आल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. ते फिरायला गेलेले. ट्रंकेमागे रक्तवाढीच्या टॉनिकची बाटली होती, माझ्याच दुकानातली. हुंगून बघितली. टॉनिक नव्हतं. शेजारी खोकल्याच्या औषधावर येतं ते मापाचं प्लॅस्टिकचं टोपण होतं. ते त्यांनी मधे एकदा माझ्याकडून मागून नेलं होतं. ‘कशाला?’ विचारलं तर म्हणाले होते, ‘असू दे.’ गुरुजी मापानं दारू घेत होते. टोपण धुऊन, पालथं घालून, स्वच्छ फडक्यावर ठेवलेलं होतं.

झोपेची गोळी आणि दारू एकाच कामाची आहेत. दोन्ही मेंदूला हळू करतात, श्वासालाही. एकावर एक घेतली की बेरीज होत नाही, त्याहून जास्त होतं. माणूस बोलतो, चालतो, हसतो, सकाळी त्यातलं काही त्याच्यापाशी नसतं. आणि कधीतरी सकाळच होत नाही. हे मी काउंटरवर लोकांना सांगत आले आहे. त्या संध्याकाळी अण्णा फिरून आले, आत जाऊन बाहेर आले, तोंडात बडीशेप. जेवले. मग नेहमीसारखं म्हणाले, ‘माझी गोळी दे गं.’

मी दिली. पाण्याचा तांब्याही दिला.

का दिली, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही. मला त्यांनी बोलायला हवं होतं. आयुष्यभर ज्या माणसाच्या तोंडाला कुलूप होतं त्याचं कुलूप निघालं होतं, आणि ते कशानं निघालं हे कळल्यावरही मला ते परत लावायचं जिवावर आलं. एक दिवस अजून, असं म्हणायचे. उद्या सांगू. बघा, मीही उद्याच म्हणत होते.

असे एकूण पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मी माझ्या वडिलांना जितकं ओळखलं तितकं आधीच्या पन्नास वर्षांत नाही. त्यांना लहानपणी पाण्याची भीती होती. निवृत्तीच्या दिवशी भाषण पाठ केलं होतं आणि उभं राहिल्यावर एक ओळ आठवली नाही. रोज मी जेवण झाल्यावर भांडी तशीच ठेवून बाजेजवळ पाट घेऊन बसायचे. अण्णांच्या जिभेला जडपणा येत चालला होता. दिवसागणिक जास्त. ते दिसत होतं मला. बिडी बंद होऊन आठवडा होत आला होता, आणि तीच गोळी, वाढवलेली, आता त्यांच्या अंगात मुक्कामाला राहत होती. ते गणित मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी थांबले असते का, देव जाणे.

पाचव्या दिवशी ते उद्घाटनाचं बोलले.

‘मी आल्तो,’ असं एकदम म्हणाले. मी विचारलंही नव्हतं. ‘तुझं दुकान उघडलं त्या दिवशी. तुझी आई पुढं आली, मी मागच्या गाडीनं आल्तो. समोर रसवंती होती, तिथं उभा होतो. रस बी घेतला. सगळे जेवायला गेले, तू एकटी होतीस. एक म्हातारी आली काठी टेकत. तिनं औषध न्हाई घेतलं, पाणी मागितलं. तू तांब्या दिलास तिला. तुझी बोहनी पाण्यानं झाली.’

हे खरं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पहिलंच गिऱ्हाईक फुकट पाणी पिऊन गेलं, हे काय सांगायचं.

‘मंग आत का न्हाई आलात?’ मी विचारलं.

त्यांचे डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, ‘म्हातारी गेली, तू परत पाठ करून बसलीस. म्हणलं, वळली की जावं. एकदा जरी वळली असतीस तर आलो असतो.’ आणि आडवे झाले. मी त्यांच्या अंगावर आईची गोधडी घातली.

सकाळी अंगण झाडल्याचा आवाज आला नाही. सात वाजले, चहा गार झाला. मी हाक मारली. हात लावून हलवलं. अण्णा घोरत होते, पण ते घोरणं मधेच थांबायचं, आणि थांबलं की परत सुरू व्हायला वेळ लागायचा. ओठ काळपट निळे. घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला सात. शेजारच्यांची गाडी होती, त्यांनी काही न विचारता काढली. जालन्यापर्यंत मी मागच्या सीटवर अण्णांना एका कुशीवर धरून बसले आणि प्रत्येक श्वासाला ‘घ्या, घ्या’ म्हणत राहिले. मोठ्यानं म्हणत होते हे मला शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. अण्णांना आत घेतलं, ऑक्सिजन लावला, आणि ती कागद घेऊन बाहेर आली. बाकावर चार परकी माणसं, गाडीवाले शेजारीही तिथंच उभे.

‘गोळी कोणती घेतात?’

मी नाव सांगितलं, ताकद सांगितली.

‘दारू घेतात का?’

तिथं ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. शेजाऱ्यांची मान तिकडे वळली होती. पण आत ती जे औषध देणार होती ते माझ्या उत्तरावर होतं.

‘घेतात,’ मी म्हटलं. ‘कालही घेतली होती. गोळी मी दिली त्यावर.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘चार दिवसांपासून.’

तिनं लिहिलं. ‘तुम्ही काय करता?’

‘मेडिकल आहे माझं.’

ती लिहायची थांबली, माझ्याकडे बघून काही न बोलता आत गेली. मला आयुष्यात पुष्कळ लोक बोलले आहेत, त्यातलं काही मला आता आठवत नाही. तिचं ते न बोलणं आठवतं.

दुपारी चारनंतर अण्णांनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्याशी बोलायचं म्हटलं आणि मला सांगितलं, ‘तुम्ही बाहेर थांबा.’ मी थांबले. अर्ध्या तासानं ती बाहेर आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं: दारू किती, कधीपासून, बिडी किती. बिडी एकदम कुणी बंद केली, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, बंद केलीत ते चांगलं, पण गोळी लिहिणाऱ्याला सांगायला हवं होतं. धूर थांबला, गोळी शरीरात जास्त टिकायला लागली, आणि वर दारू. ती शांतपणे सांगत होती. मी मान हलवत होते. मला एक शब्दही नवा नव्हता.

घरी आल्यावर अण्णा पुन्हा पहिल्यासारखे झाले. गोळी डॉक्टरांच्या सांगण्यानं कमी करत बंद केली. टॉनिकची बाटली त्यांनी स्वतः माझ्या हातात आणून दिली, मापाच्या टोपणासकट. झोप हळूहळू आली, पूर्ण नाही. दुपारचं लोळणं बंद, चारनंतर चहा बंद. बिडीची तलफ आली की ते बडीशेप चघळायचे. बोलणं मात्र गेलं. साडेसातला जेवण, मग बाजेवर बसायचे आणि कुंपणाकडे बघत राहायचे. मी पाट घेऊन बसायचे, थोड्या वेळानं उठून भांडी घासायला जायचे. ते जिवंत होते, हे पुरेसं होतं. पण मला त्यांची आठवण यायची. समोर बसलेल्या माणसाची आठवण येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी विचारलं, ‘मी त्या दिवसांत काही वेडंवाकडं बोललो का गं?’

माझ्या तोंडावर आलं होतं. रसवंती, म्हातारी, सगळं. पण आईच्या सहीच्या वेळचा त्यांचा चेहरा मला दिसला. त्यांनी न देता मी घेतलेल्या वस्तूसारखं होतं ते माझ्याकडं.

‘न्हाई,’ मी म्हटलं. ‘काही न्हाई बोललात.’

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘मी पथ्य पाळत होतो बरं का. वांगं सोडलं होतं. ताक बी सोडलं होतं. म्हणलं, पाटीवर काही असू दे, आपण आपलं सांभाळावं.’

मला हसू आलं आणि लगेच ते आवरेना. वांगं सोडून मापानं दारू पीत होता हा माणूस, आणि आमच्या भागातल्या कुणालाही विचारलं तर तो म्हणेल, बराबर केलं. पथ्यात दारू येते हे त्यांना कोण सांगणार होतं? सांगायचं काम ज्या बाईचं होतं तिनं विचारू नका म्हणून पाटी लावली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी ते दुकानात आले. खुर्चीवर चढून पाटी काढायला लागले. मी ‘अण्णा, पडताल’ म्हणेपर्यंत काढलीही. मागच्या बाजूला पांढरा रंग दिला, वाळू दिला, आणि ब्रश घेऊन माझ्याकडे बघितलं. ‘काय लिहू?’

मी म्हटलं, ‘लिहा, दारू, बिडी, तंबाखू घेणाऱ्यांनी झोपेची गोळी घेण्याआधी सांगावे.’

‘असं लिहिलं तर कोण सांगंल?’ अण्णा म्हणाले. ‘समोर चार माणसं उभी राहत्यात. पोरीबाळी राहत्यात.’ मग थोडा विचार करून त्यांनी स्वतःच लिहिलं. ओळ सरळ आली. ‘पथ्य असते. हळूच विचारा.’

लोक हळूच विचारतात आता. एक हमाल कानाशी येऊन म्हणाला की तो रोज घेतो, आणि त्याच्या हातात झोपेच्या गोळीची चिठ्ठी होती. मी त्याला गोळी न देता परत डॉक्टरकडे पाठवलं. तो चिडला, पण गेला.

त्या दिवशी पाटी लावून झाल्यावर अण्णा म्हणाले, ‘जल्दी जल्दीत लिहिली, लांबून दिसती का बघतो,’ आणि रस्ता ओलांडून गेले. समोरची रसवंती केव्हाच गेली, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. ते त्याच्या पायरीजवळ उभे राहिले. मी माझ्या स्टुलावर येऊन बसले होते, कपाटाकडे तोंड करून, हातात बिलं. खूप वेळ झाला तरी ते येईनात. मग तिथं कोण उभं आहे आणि मी कशी बसले आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी वळले.

अण्णा रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघत होते, पाटीकडे नाही. मी वळले तसे ते निघाले, दोन्हीकडे गाड्या बघत सावकाश रस्ता ओलांडला, आणि काउंटरची फळी उचलून आत आले.

‘दिसतं का?’ मी विचारलं.

‘दिसतं,’ ते म्हणाले. ‘पण हे स्टूल फिरव. समोर कोण उभं हाये ते तुला कळत न्हाई.’

त्यांना काय आठवतं, काय नाही, मी विचारलं नाही. स्टूल त्यांच्या समोरच फिरवलं. संध्याकाळचं ऊन डोळ्यावर येतं, पण तेव्हापासून ते तसंच आहे.